चुडामण याहीची मिशी

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होऊन आठवडा झाला तरी झुलाल सिंधूला न्यायला आला नाही, तेव्हा मंदाबाईनं पहिल्यांदा माझ्याकडं वाकड्या डोळ्यानं पाहिलं. मंदाबाई माझी थोरली सून, देवचंदची बायको. सिंधू तिची पोरगी, माझी नात, दोन वर्षांपूर्वी पारोळ्याला दिलेली. आखाजीला लेकी माहेरी येतात, झोके खेळतात, मग जावई येतो आणि घेऊन जातो. नशिराबादच्या सगळ्या लेकी गेल्या. निंबाचे झोके सोडून दोर घरात ठेवले. सिंधू मात्र ओट्यावर बसून कैऱ्या चिरत होती, आणि इतक्या चिरल्या की त्या वर्षीचं लोणचं जळगावच्या स्टेशनापर्यंत वाटत नेलं असतं तरी बरणी भरलेलीच राहिली असती.

"तुमच्या गाण्यानं झालं हे, आत्याबाई," मंदाबाई म्हणाली.

"गाण्यात माझं काय आहे? मिशी त्यांची आहे."

"मिशी त्यांची, पण जीभ तुमची."

हे तिचं खरं होतं. अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं ओट्यावर बसून कैऱ्या चिरत होतं, ते मंदाबाईलाही माहीत होतं आणि मलाही. म्हणून आम्ही दोघी तिथंच थांबलो.

संध्याकाळी निरोप आला. पारोळ्याच्या मार्केटमधला एक माणूस जळगावला भुईमूग घेऊन आला होता, तो वाट वाकडी करून घरी आला, पाणी प्याला आणि पाठ केल्यासारखा बोलला, "चुडामणआबांनी सांगितलंय, येत्या रविवारी आम्ही येतो. त्या गाण्याची मूळ टेप आमच्या डोळ्यांसमोर जाळायची. गोठ्यातली मशीन काढायची आणि तिथं परत म्हशी बांधायच्या. एवढं झालं तर सून आमच्याबरोबर जीपमध्ये बसेल. नाही झालं तर लेक तुमची तुम्ही ठेवा."

देवचंदनं टोपी काढली, झटकली, परत घातली. मी त्याची आई आहे. त्याची टोपी जरा तिरपी बसली की त्याच्या मनात काहीतरी सरळ बसलेलं असतं.

"याहींचं चुकतंय कुठं?" तो म्हणाला.

व्याह्याला आमच्याकडं याही म्हणतात आणि विहिणीला इहीन; चुडामणआबा म्हणजे झुलालचा बाप, आमचा याही. लीलाधर, माझा धाकटा, दारात उभा होता. त्याच्या तोंडात वायरचा तुकडा होता. तो त्यानं हळूच बाहेर काढला आणि परत गोठ्यात गेला.

आता गोठ्याचं सांगते, कारण भांडण खरं तर त्याचं होतं. मिशीचं नुसतं निमित्त.

माझ्या सासऱ्यांनी हा गोठा एका बैलासाठी बांधला. बैलाचं नाव हिऱ्या. तो इतका उंच होता की कावळे त्याच्या शिंगावर घरटं बांधायचे आणि पिल्लं उडून जाईपर्यंत त्याला नांगराला जुंपता यायचं नाही. हिऱ्या अंग घासायचा आणि भिंत पडायची. सासऱ्यांनी तीनदा भिंत बांधली, चौथ्यांदा मात्र दीड हात जाड मातीची बांधली आणि बैलाला म्हणाले, आता घास. देवचंद म्हणतो भिंती उन्हासाठी जाड केल्या होत्या. त्याला बैल आठवत नाही, कारण तो तेव्हा जन्मला नव्हता. तेव्हा मीही इथं नांदायला आले नव्हते, पण मी विचारून घेतलंय.

चौऱ्याऐंशी साली वाटणी झाली. लीलाधर म्हणाला, "शेत भाऊनंच करावं. मला गोठा द्या." पंच हसले. देवचंदनं लगेच हो म्हटलं, घाईनं म्हटलं, आणि मग पाच वर्षं त्याला वाटत राहिलं की आपण फसलो. त्याला काय माहीत की लीलाधर आणि युसूफ आधीच आत जाऊन टाळ्या वाजवून आले होते. युसूफचं जळगावला रेडिओ दुरुस्तीचं दुकान. तो आत टाळी वाजवायचा आणि कान लावायचा. "लीलाधर, आवाज बाहेर जात नाही, बाहेरचा आत येत नाही," तो म्हणाला. "ऐसी खोली मुंबईतही पैसे मोजून मिळत नाही."

मुंबईचा एक स्टुडिओ बंद पडला होता, तिथलं मशीन त्यांनी आणलं. टेम्पोतून, माझ्या गोधडीत गुंडाळून, बाळंतिणीला आणावं तसं. ठेवायचं कुठं? गव्हाण त्याच मापाची निघाली. जिथं हिऱ्या कडबा खायचा तिथं मशीन बसलं. भिंतीला कापूस भरलेली पोती ठोकली आणि वरून माझी जुनी लुगडी. मग मात्र आत टाळी वाजवली की ती हातातच विरायची. एकदा मंदाबाई आत येऊन माझ्यावर ओरडली. काहीच ऐकू आलं नाही. पावसाळ्यात पोती उन्हाला टाकायला काढली तेव्हा तिचं सगळं ओरडणं बाहेर आलं आणि शेजारची लताबाई विचारायला आली, काय झालं म्हणून.

दारावर पाटी लागली: गव्हाण रेकॉर्डिंग. पहिली कॅसेट गावातल्या भिकाच्या गायन पार्टीची, भीमगीतांची. मग नशिराबादच्या पोरांची कव्वाली. मग भजनी मंडळ. एकदा तमाशातली एक बाई लावणी म्हणायला आली, तेव्हा देवचंद म्हशींना चारा टाकायला आत आला. म्हशी तेव्हा बाहेर टिनाखाली होत्या, आणि त्याला ते माहीत होतं.

एक गोष्ट लक्षात ठेवा. मशीन चालू असलं की पंखा बंद. पंख्याची घरघर टेपवर येते. त्यामुळं मे महिन्यात त्या खोलीत गाणं म्हणणं म्हणजे भट्टीत बसून शेव तळण्यासारखं.

तर या आखाजीच्या आधीच्या दिवाळीत लीलाधरला वाटलं की हळदीची गाणी करावीत. लग्नात बायका म्हणतात ती. त्यानं आम्हाला सगळ्यांना माइकपुढं उभं केलं, हाताची घडी घालून, शाळेत करतात तसं. कुणाच्या तोंडून गाणं निघेना.

"नवरी कुठंय?" लताबाईनं विचारलं.

"नवरी नाही, काकू. तुम्ही नुसतं म्हणा."

"मग हळद कुणाला लावायची?"

शेवटी आम्ही सिंधूला मध्ये बसवलं. ती दिवाळीला आली होती. तिच्या हाताला खरंच हळद लावली, तेव्हा गळे मोकळे झाले. पण याहीचं गाणं आलं आणि परत अडलं. हे गाणं म्हणजे व्याह्याची टर उडवायची, आणि त्यात त्याचं नाव लागतं. नावाशिवाय गाणं चालत नाही. लीलाधर म्हणाला, "काहीतरी नाव घाला ना. काल्पनिक."

"अरे, ज्याच्याशी आपलं नातं नाही त्याला कसं हसायचं?" मी म्हटलं. "उद्या तो दारात येऊन विचारेल, तुम्ही माझे कोण?"

सगळ्या बायकांचं एकमत झालं. परक्या माणसाला हसणं म्हणजे त्याचा अपमान. आपल्या याहीला हसणं म्हणजे मान. म्हणून आम्ही खऱ्या याहीचं नाव घेतलं, सिंधूच्या लग्नात घेतलं होतं तेच:

याही उना दारे, वाकी पाहे आढ्याले,
चुडामण याहीनी मिशी अडकनी आढ्याले.
इहीन बसनी जेवाले, परात पुरनी नही…

लग्नात हे म्हटलं तेव्हा चुडामणआबा पोट धरून हसले होते आणि मला लुगडं दिलं होतं. चांगलं होतं लुगडं. पण लग्न एका मांडवात होतं. कॅसेट जळगावला विकली, भुसावळला विकली, धुळ्याला तर पानाच्या टपरीवर लटकली. लग्नसराई आली आणि दर मांडवातल्या भोंग्यावर चुडामण याहीची मिशी आढ्याला अडकायला लागली. याही कोणीही असो, मिशी चुडामणचीच.

धुळ्याला एका लग्नात तो स्वतः जेवायला बसला होता, तेव्हा डोक्यावरचा भोंगा बोलला. पंगत थांबली. मार्केट यार्डात तो भुईमुगाच्या ढिगापुढं बोली लावायला उभा राहिला की मागून कुणीतरी गुणगुणायचं. पोरं विचारायची, आबा, निघाली का आढ्यावरून? हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा आम्हाला वाटत होतं की कॅसेट चालतेय म्हणजे आमचा याही आनंदात असेल.

रविवारी सकाळी देवचंदनं घरात कुणालाही न विचारता म्हशी सोडल्या आणि गोठ्याच्या दारापाशी आणून बांधल्या.

"भाऊ, म्हशी इथं कशाला?" लीलाधर म्हणाला.

"त्यांनाही कळू दे. त्यांचंच घर आहे."

"तू याहींच्या बाजूनं आहेस की आपल्या?"

"मी माझ्या पोरीच्या बाजूनं आहे," देवचंद म्हणाला. आणि ते खरंच होतं, फक्त पूर्ण नव्हतं. टिनाखाली म्हशी उन्हानं धापा टाकायच्या तेव्हा तो गोठ्याकडं ज्या नजरेनं बघायचा, ती मी पाच वर्षं पाहत आले होते. घरी येणारा प्रत्येक जण आधी विचारायचा, रेकॉर्डिंगवाले कुठं राहतात. देवचंदचं घर कुठं, असं कुणी विचारत नव्हतं.

मंदाबाईचं वेगळं होतं. तिला गोठा राहिला काय आणि गेला काय. पण टेप ऐकली जाऊ नये एवढंच तिला हवं होतं. तिनं युसूफला बाजूला घेतलं. "ऐकायचं म्हटलं तर सांगा, मशीन बिघडलंय."

"भाभी, मी मशीनबद्दल खोटं बोलत नाही," युसूफ म्हणाला. "बाकी कशाबद्दलही बोलीन."

कारण हे होतं. रेकॉर्डिंगच्या दिवशी मला खोकला होता. 'याही उना दारे' म्हणेपर्यंत ठीक होतं, पण नावाच्या ओळीला माझा दम गेला. माझा आवाज तुटला तिथं सिंधूनं ओळ उचलली. हळदीचे हात मांडीवर ठेवून, बसल्या जागेवरून. सुनेनं सासऱ्याचं नाव घेतलं होतं, तेही मिशीसकट. स्वस्त कॅसेटवर, भोंग्यावर, सगळे आवाज एकत्र लगद्यासारखे ऐकू येतात. पण मूळ टेपवर, गोठ्यातल्या मोठ्या स्पीकरवर, कोण किती दूर बसलंय तेसुद्धा कळतं.

जीप दुपारी आली. पुढं चुडामणआबा, मागं झुलाल, आणि शेवंताबाई, म्हणजे आमची इहीन, तिची जाऊ आणि नणंद. मे महिन्याचं ऊन आणि चुडामणआबांच्या तोंडाला उपरणं गुंडाळलेलं, फक्त डोळे दिसत होते.

"या, याही. पाणी घ्या," देवचंद म्हणाला.

"पाणी नंतर. आधी काम."

आमच्याकडं पाहुण्यानं पाणी नाही घेतलं की समजायचं. मंदाबाईनं तांब्या तसाच परत नेला आणि स्वैपाकघरात तो ठेवताना जरा जास्तच आवाज झाला. सिंधू चुलीपाशी होती. तिनं आईकडं पाहिलं, मग बाहेर, जिथं झुलाल जीपला टेकून उभा होता आणि घराकडं बघत नव्हता. झुलाल वाईट नाही. बापापुढं त्याचा आवाज निघत नाही एवढंच. रात्री माझ्या पायाला तेल लावता लावता सिंधू एकदा म्हणाली होती, "मोठी माय, तो मनात बोलतो. मला ऐकू येतं." मला काय, मी म्हटलं, तसलं मशीन लीलाधरनं पण बनवलं नाही अजून.

झुलाल आणि सिंधू सोडून सगळे गोठ्यात गेले. पंखा चालू होता तोवर बरं होतं.

"हीच ती टेप?" चुडामणआबांनी उपरण्यातून विचारलं.

लीलाधरनं रीळ हातात धरलं होतं. त्याचा चेहरा पडला होता. मला कळत होतं की तो देणार. भावजयीचं रडणं त्याला सहन होत नाही, लहानपणापासून. मंदाबाईनंच त्याला वाढवलंय, मी शेतात असताना.

"घ्या, आबा," तो म्हणाला. "जाळा. मशीनही काढतो."

"चाचा, एक सांगू?" युसूफ म्हणाला. "हे जाळून धुळ्याच्या टपरीवरच्या कॅसेटी जळणार नाहीत."

"माहीत आहे मला. मग मी काय जाळू? धुळं?"

मी म्हटलं, "याही, आधी ऐकून तरी घ्या. न ऐकता जाळलं तर तुम्हालाच चुटपूट लागेल."

मंदाबाईनं दारातून माझ्याकडं असं पाहिलं की मी कापसात जाऊन बसावं. मी का म्हटलं ते मला विचारू नका. मला वाटलं, जे लपवून सासरी न्यायचं ते आयुष्यभर लपवावं लागतं. सिंधूला लपवता येत नाही. ते गुण तिनं माझे घेतले नाहीत.

"लाव," चुडामणआबा म्हणाले. "एकदा ऐकतो, मग काडी लावतो."

टेप ऐकताना पंखा चालला असता. पण युसूफनं सवयीनं पंखा बंद केला आणि दार ओढून घेतलं. गोठा एकदम बंद झाला. आधी बांगड्या वाजल्या. मग लताबाईचा 'हं' ऐकू आला. मग मी. याही उना दारे. आणि माझा खोकला. आणि त्या खोकल्यातून वर, स्वच्छ, हसू दाबत म्हटलेली ओळ.

शेवंताबाईनं मान वर केली. "ही आमनी सिंधू शे," ती म्हणाली.

घाम असा सुटला होता की चुडामणआबांनी विसरून उपरणं सोडलं आणि तोंड पुसलं. तेव्हा दिसलं. मिशी नव्हती. ओठावर पांढरी पट्टी, उन्हानं कधी न पाहिलेली. सगळ्यांनी खाली पाहिलं. मी वर, आढ्याकडं पाहिलं, ते सवयीनं.

"बघू नका," ते म्हणाले. "काढली तरी तेच. लोक म्हणतात, आढ्यावरच राहिली वाटतं."

देवचंदला घाम पुसायचा होता पण त्यानं टोपीला हात लावला नाही. त्याला आता वाटलं असेल की म्हशी बांधण्याची घाई केली.

"सिंधूला बोलवा," चुडामणआबा म्हणाले.

सिंधू आली. डोक्यावर पदर, हाताला कैरीचा वास.

"माझं नाव तू घेतलंस?"

"हो, आबा."

"सासऱ्याचं नाव?"

"मोठ्या मायचा दम गेला होता. ओळ अर्धी राहिली असती."

"राहू द्यायची."

"मग तुमचं नाव नसतं आलं. दुसऱ्या कुणाचं घालायचं का, असं काका विचारत होते. दुसऱ्या कुणाला आम्ही का हसावं, आबा?"

चुडामणआबा खुर्चीत बसले. बोलले तेव्हा आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "लग्नात म्हटलं तेव्हा मी हसलो की नाही? लुगडं दिलं की नाही, इहीन?"

"दिलं. अजून नेसते," मी म्हटलं.

"तिथं माझ्याकडच्या बायका होत्या. तुम्ही एक म्हटलं की त्या दोन म्हणायच्या. आता धुळ्याला भोंगा माझ्या डोक्यावर बोलतो. त्या भोंग्याला मी काय उत्तर देऊ? वर बघून ओरडू?"

तेव्हा मला कळलं की त्यांना कशाचं लागलंय. मिशीचं नाही. गाण्याला गाणं मिळालं नव्हतं, त्याचं.

शेवंताबाई इतका वेळ रिळाकडं बघत होती. तिनं लीलाधरला विचारलं, "ही कॅसेट उलटी करतस ना? दुसरी बाजूले काय शे?"

"दुसऱ्या बाजूला सनई आहे, मावशी. सात-आठ गाणीच झाली म्हणून भरायला सनई घातली."

"सनई," शेवंताबाई म्हणाली. तिनं जावेकडं पाहिलं, जावेनं नणंदेकडं. "तुमनी एक बाजू बोलनी आणि आमनी बाजूले सनई? आणि मन्हं नाव बी नही. इहीन बसनी जेवाले. कोन इहीन? गावमा बठ्ठ्या इहिनी शेत."

"नाव घालायला हवं होतं," मी म्हटलं. "चुकलंच आमचं."

"सरका तिकडे," ती म्हणाली आणि चटईवर बसली.

"अगं, टेप जाळायला आलोय आपण," चुडामणआबा म्हणाले.

"तुम्ही जाळाले उनात. मी सूनले लई जावाले उनू."

तिच्या जावेनं पदर खोचला. लीलाधर माझ्याकडं, युसूफकडं, देवचंदकडं बघत राहिला, आणि मग घाईघाईनं दुसरं, कोरं रीळ गव्हाणीतल्या मशीनवर चढवायला लागला. माइक जमिनीवर, बायकांच्या मध्ये ठेवला. आता कुणालाच हाताची घडी घालून उभं राहायला सांगितलं नाही.

"कुणापासून सुरू करायचं?" नणंदेनं विचारलं.

"देवचंद याहीपासून," चुडामणआबा खुर्चीवरून म्हणाले. "यांनी तर आम्ही यायच्या आधीच म्हशी दाराशी आणून बांधल्या."

"मी तुमच्या बाजूनं होतो, याही," देवचंद म्हणाला.

"म्हणून तर नाव घेतोय."

ओळी तिथंच जुळल्या. चुडामणआबा एक शब्द सुचवायचे, बायका तो फेकून दुसरा घ्यायच्या, पण हळूहळू त्यांचे शब्दही चालायला लागले. उपरणं खांद्यावर गेलं. त्यांनी एकदा नसलेल्या मिशीवर हात फिरवला. लीलाधरनं बोट वर केलं आणि त्या म्हणाल्या:

देवचंद याहीनी टोपी म्हैसनी खाई टाकी,
उघडा टक्कलवर माय, भाकर भाजी टाकी.

आणि बरोबर 'देवचंद'वर बाहेरची म्हैस हंबरली. दारालाच बांधलेली, भिंत कितीही जाड असली तरी दार लाकडाचं. लीलाधरनं मशीन थांबवलं.

"परत घ्यावं लागेल."

"नाव गेलं का?" देवचंदनं विचारलं.

"नाव गेलं. 'याहीनी टोपी' आलं."

"मग कुणाची टोपी ते कळणार नाही," तो म्हणाला. "असं चालणार नाही."

तो उठला, दार उघडलं आणि म्हशी सोडल्या. आम्ही दारातून बघितलं. तो त्यांना टिनाकडं नाही, थेट विहिरीपलीकडच्या चिंचेखाली घेऊन गेला, जिथून आरोळी मारली तरी ऐकू येत नाही. एकेकीला बांधलं, परत आला, घामानं भिजलेला, आणि आतल्या कोपऱ्यात पोत्याला टेकून बसला. "घ्या आता," तो म्हणाला. "नाव नीट घ्या."

मग मंदाबाईची पाळी, तिच्या बरण्यांवरून. मग लीलाधरची, त्याच्या वायरींवरून. मग शेवंताबाई म्हणाली, "आते डोकरी." म्हणजे आता मी.

सिंधू माझ्या बाजूला चटईच्या काठावर बसली होती. शेवंताबाईनं हात लांब केला. "तू तिकडे काय बसनी? इकडे ये. आमनी शे ना तू?"

सिंधूनं माझ्याकडं पाहिलं. मी दुसरीकडं, मशीनकडं पाहिलं, कारण कुणीतरी त्या आवाज दाखवणाऱ्या लाल काट्यावर लक्ष ठेवायला हवं होतं. ती उठली, मधून माइक ओलांडून गेली आणि पारोळ्याच्या बायकांमध्ये बसली. दारात झुलाल उभा होता. त्यानं पहिल्यांदा आत पाऊल टाकलं.

पहिली ओळ तिनंच उचलली. या खेपेला खोकला नव्हता.

पार्वता डोकरी बोले, आभाय फाटी जास,
तिन्ही एक गोटमा माय, बठ्ठा गाव मावस.

म्हणजे माझ्या एका गोष्टीत सगळं गाव मावतं. तिच्या सासूनं पुढचं म्हटलं, पण आवाज तिचाच वर होता. काल संध्याकाळपर्यंत तो या घरातून यायचा. आता तो समोरून येत होता, मला हसत होता, आणि हक्कानं हसत होता. कापसात आवाज विरतो म्हणतात. तो नाही विरला.

लीलाधरनं मशीन थांबवलं तेव्हा चुडामणआबा म्हणाले, "मंदाबाई, पाणी आणा. आणि आंब्याचा रस असेल तर तोही आणा. हिची परात पुरली नाही असं लोकांना वाटतं, ते एकदा खोटं ठरू दे."

सिंधू त्याच संध्याकाळी जीपमध्ये बसली. जाताना मी तिच्या ओटीत लोणच्याची बरणी घातली, शेवंताबाईच्या नाही. शेवंताबाई म्हणाली हे पुढच्या कॅसेटवर येईल.

ती कॅसेट पहिलीपेक्षा जास्त विकली. लग्नात आधी आमची बाजू लावायचे, मग उलटी करून त्यांची. पुढं लोकांनी आपापली नावं घालून म्हणायला सुरुवात केली, म्हणजे गाणं परत बायकांच्या तोंडात गेलं, तिथंच ते बरं. चुडामणआबांनी मिशी परत वाढवली. ती आता इतकी झालीय की पारोळ्याचा किल्ला बघायला येणारे आधी ती बघून जातात. गोठा आहे तसाच आहे. देवचंदनं चिंचेखाली म्हशींसाठी नवीन छप्पर घातलं आणि म्हणतो तिथं वारा बरा लागतो.

एकच राहिलं. दुसऱ्या बाजूच्या अगदी शेवटी, माझ्यावरचं गाणं संपल्यावर, मशीन बंद होण्याआधी, एक आवाज आहे. कुणीतरी नाक ओढल्यासारखा. लीलाधरला तो कापायचा होता, युसूफनं कापू दिला नाही. लोक विचारतात तो कुणाचा. मी सांगते, म्हशीचा. लीलाधर म्हणतो, म्हशी तर भाऊनं तेव्हा विहिरीपलीकडं नेल्या होत्या.

एखादी राहिली असेल.